नाल काढायला दहा मिनिटं, पाय घडायला वर्ष

कुणी लोकलमध्ये उभं राहून, कुणी भांडी घासता घासता, कुणी बसस्टॉपवर हा भाग ऐकला असेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना मध्ये मध्ये येणारे माझे 'अं' आणि 'तर मग' गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

तारीख आठवा, ७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिक. त्या संध्याकाळी आपण सगळे काय बघत होतो ते सांगायला नकोच. नीरज चोप्राचा भाला! पण त्याच दिवशी, त्याच शहरात आणखी एक सामना चालू होता. घोडेस्वारांची सांघिक उड्यांची फायनल. स्वीडन आणि अमेरिका बरोबरीत आले, मग टायब्रेक झाला, आणि स्वीडनने दीड सेकंदाहूनही कमी फरकाने सोनं मारलं. आता यात माझ्यासारख्या इतिहासवाल्या बाईचं लक्ष कुठे गेलं? घोड्यांच्या पायांकडे. पेडर फ्रेडरिक्सनचा 'ऑल इन' आणि हेन्रिक फॉन एकरमनचा 'किंग एडवर्ड', या दोन्ही घोड्यांच्या पायात नाल नव्हती. अनवाणी. दीड मीटरहून उंच अडथळे अनवाणी पायांनी पार करून सुवर्णपदक! पुढच्याच वर्षी किंग एडवर्ड तसाच अनवाणी पायांनी जगज्जेता झाला.

बातमी जगभर फिरली आणि कितीतरी घोडेमालकांच्या डोक्यात एकच विचार आला. आपल्या घोड्याची नाल काढून टाकली तर? नैसर्गिक ते चांगलं, नाही का?

आणि इथेच घोळ होतो. कारण नाल काढणं म्हणजे पायातली चप्पल काढण्याइतकं सोपं काम नाही. वर्षानुवर्षं नाल घातलेल्या घोड्याची नाल एकदम काढली की बरेचदा तो लंगडतो. खडीवर पाय टाकताना निखाऱ्यावरून चालल्यासारखा एकेक पाय उचलतो. मागच्या महिन्यात एका श्रोत्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला होता. तिने रायडिंग क्लबमधून निवृत्त झालेला एक घोडा सांभाळायला घेतलाय. नाल काढून तीन आठवडे झाले, घोडा अंगणातल्या खडीवर यायलाच तयार नाही. तिचा प्रश्न होता, 'ताई, नाल परत मारू का? की थोडं सोसू दे त्याला, होईल सवय?'

प्रश्न एका घोड्याचा आहे, पण उत्तर शोधायला मला अडीच हजार वर्षं मागे जावं लागलं. चला, जाऊया.

आधी खूर म्हणजे काय ते बघू

घोडा किती बोटांवर चालतो? एका. प्रत्येक पायाला एकच बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी चार नखांवर उभा असतो, पळतो, उड्या मारतो.

पण हे नख आपल्या नखासारखं नुसतं वर चिकटवलेलं नाही. खुराची बाहेरची कडक भिंत आतल्या हाडाला सुमारे ६०० बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेली असते, दोन वह्यांची पानं एकमेकांत घालून ठेवावीत तशी. खाली तळवा. तळव्याच्या मागच्या बाजूला मधोमध रबरासारखा एक त्रिकोणी भाग. इंग्रजीत त्याला 'फ्रॉग' म्हणतात, चक्क बेडूक! त्याच्या वर, टाचेच्या आत, एक गादी असते. पाय जमिनीवर पडला की टाच किंचित फाकते, गादी दाबली जाते, धक्का तिथेच जिरतो. पाय उचलला की टाच परत मिटते. म्हणजे खूर हा दगड नाही, तो जिवंत आणि लवचीक अवयव आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, शेवटपर्यंत कामाला येतील. एक, खूर वरून खाली वाढतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. म्हणजे वरच्या केसांच्या रेघेशी आज उगवलेला खूर पुढच्या टोकाला जमिनीपर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. दोन, पाय जितका वापरात राहील तितका तो घट्ट होतो, आणि वापरातून गेला की हळूहळू कमकुवत होतो. अगदी आपल्या व्यायामासारखं.

अंगणात चार-पाच गाड्या दगड

आता ग्रीसमध्ये जाऊया. इसवी सनापूर्वीचं चौथं शतक. झेनोफोन नावाचा अथेन्सचा एक माणूस. सॉक्रेटिसचा चेला, भाडोत्री सैनिक, लेखक आणि पक्का घोडेवाला. त्याने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते आजही वाचलं जातं. त्याच्या काळात ग्रीसमध्ये खिळ्यांची नाल नव्हती. युद्ध, शिकार, मिरवणूक, सगळं अनवाणी घोड्यांवर.

मग झेनोफोन घोडा विकत घेणाऱ्याला पहिलं काय सांगतो? पाय बघ. घराचा पाया कच्चा असेल तर वरचा मजला कितीही सुंदर असो, काय उपयोग, असा त्याचा मुद्दा. खूर जाड हवा, तळाचा बेडूक जमिनीपासून उचललेला हवा, आणि चालताना टापेचा आवाज खणखणीत यायला हवा.

त्याच्या पुढचा सल्ला मला सगळ्यात आवडतो. तो म्हणतो, तबेल्याची जमीन ओली आणि गुळगुळीत असेल तर चांगल्यातले चांगले खूरही खराब होतात, म्हणून उतार ठेवा, पाणी वाहून जाऊ द्या. आणि बाहेर, जिथे घोड्याला खरारा करता, तिथे मुठीएवढे गोल दगड चार-पाच गाड्या भरून पसरा, ते विखरू नयेत म्हणून भोवती कड करा. घोडा रोज थोडा वेळ त्या दगडांवर उभा राहील. माश्या हाकलताना पाय आपटेल, अंग घासून घेताना पाय बदलेल, आणि उभ्या उभ्या दगडाळ रस्त्यावर चालल्याचा व्यायाम होईल.

लक्षात आलं का? ज्या काळात सगळेच घोडे अनवाणी होते, त्या काळातसुद्धा 'सोडून द्या, निसर्ग बघून घेईल' असं कुणी म्हणत नव्हतं. अनवाणी पाय हा घडवायचा असतो, त्यावर रोज मेहनत घ्यायची असते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ना, पण झेनोफोनची टाकी बघा किती हलकी आहे. टोकदार खडी नाही, गोल दगड. दिवसभर नाही, थोडा वेळ. सक्ती नाही, घोड्याच्या आपल्या हालचालीतून.

बादशहाचा कट

आता रोम. रोमन लोकांनी पक्के दगडी रस्ते बांधले आणि त्यावर खेचरं, बैल, घोडे यांची रोजची वाहतूक सुरू झाली. कोरड्या माळरानावर फिरणं वेगळं आणि दगडी रस्त्यावर रोज ओझं ओढणं वेगळं. खूर वाढतो त्यापेक्षा जास्त झिजायला लागला.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे जनावरांचे सँडल. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीतल्या उत्खननांत ते सापडलेत, तिथल्या संग्रहालयांत ठेवलेत. लोखंडाचा सपाट तळ, पुढेमागे वळवलेले आकडे, आणि ते दोरीने किंवा चामड्याच्या पट्टीने पायाला बांधायचे. खिळा नाही. गरज असेल तेव्हा घातले, काम झालं की काढले.

या बांधाबांधीला वेळ लागायचा, आणि त्यावरून एक झकास किस्सा आहे. सुएटोनियस नावाच्या रोमन चरित्रकाराने तो बादशहा व्हेस्पासियनबद्दल सांगितलाय. बादशहाची गाडी चालली होती. खेचरं हाकणारा मध्येच उतरला आणि खेचरांच्या पायात जोडे घालायला लागला. तेवढ्यात एक अर्जदार आपलं गाऱ्हाणं घेऊन बादशहापुढे हजर! व्हेस्पासियनला संशय आला की या हाकणाऱ्याने पैसे खाऊन मुद्दाम गाडी थांबवली. त्याने विचारलं, जोडे घालायचे किती मिळाले? आणि त्यातला आपला हिस्सा ठरवून घेतला. म्हणजे कट-प्रॅक्टिस दोन हजार वर्षं जुनी आहे, मंडळी!

खिळा आला तो असा

साधारण नवव्या ते अकराव्या शतकाच्या दरम्यान युरोपात खिळ्यांनी ठोकलेली लोखंडी नाल सर्रास दिसू लागली. का? कारणं बघितली की तेव्हाच्या माणसांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. ओलसर हवा, ओल्या तबेल्यात तासन्‌तास बांधलेले घोडे, म्हणजे मऊ पडलेले खूर. त्यावर चिलखत घातलेला स्वार किंवा नांगर, गाडी. सँडल पळताना निसटायचा, नाल निसटत नाही. खुराच्या बाहेरच्या भिंतीत संवेदना नसते, आपल्या नखाच्या टोकासारखीच. त्यामुळे कसबी माणसाने खिळा नेमक्या जागी मारला तर घोड्याला दुखत नाही.

आणि एकदा नाल आली की तिची यंत्रणा उभी राहिली. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने सगळ्या राज्याची मोजदाद करून घेतली, तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. त्यात हेरफर्ड शहराबद्दल नोंद आहे की तिथे सहा लोहार होते आणि प्रत्येकाने राजाच्या लोखंडातून १२० नाला घडवून द्यायच्या. सहा गुणिले एकशेवीस, ७२० नाला. आज आपण सैन्याच्या डिझेलचा हिशोब करतो, तसा हा तेव्हाचा हिशोब.

आपल्याकडेही हा हिशोब भाषेत मुरलेला आहे. 'नाल' हा शब्द मुळात अरबी. अर्थ काय? पायातला जोडा, वहाण. त्याला फारसी 'बंद' लागला आणि नालबंद झाला. मराठेशाहीच्या कागदांत 'नालबंदी' असा शब्द भेटतो. मोहिमेला निघण्याआधी स्वाराला घोड्याच्या तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळायची, ती नालबंदी. सगळ्या खर्चाला नाव कशाचं मिळालं बघा, पायाचं! आणि का मिळू नये? बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, पण शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा लंगडला की शिलेदाराच्या पोटावरच पाय.

'हे तर पायाला घट्ट होतंय!'

मग जवळजवळ आठशे वर्षं युरोपात नालेवर कुणी फारशी शंका घेतली नाही. अठराव्या शतकात जनावरांच्या डॉक्टरांच्या शाळा निघाल्या. पहिली फ्रान्समधल्या लिऑन शहरात १७६१ साली. लंडनची १७९१ साली. लंडनच्या शाळेतून सुरुवातीच्या वर्षांत शिकून बाहेर पडलेला एक माणूस होता ब्रेसी क्लार्क. त्याने एक साधी पण चिकाटीची गोष्ट केली. एकाच घोडीच्या खुराचे वर्षामागून वर्षं साचे घेतले आणि ते शेजारी शेजारी मांडले. सुरुवातीचा खूर गोल, रुंद. पुढे पुढे टाच आत आत येत अरुंद झालेली.

१८०९ साली त्याने आपले प्रयोग छापले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. खूर फाकतो आणि मिटतो. लोखंडाची नाल फाकत नाही. दोन्ही एकमेकांना खिळ्यांनी जखडले तर खुराची हालचाल अडते. म्हणून त्याने मध्ये सांधा असलेली, उघडझाप होणारी नाल करून बघितली. ती काही चालली नाही. शहरं वाढत होती, दगडी रस्त्यांवर बग्ग्या, मालगाड्या धावत होत्या, आणि त्या सगळ्यांना आज, आत्ता चालणारा घोडा हवा होता. वर्षभराने बरा होणारा घोडा कुणाला परवडणार?

त्याच शतकातली एक कादंबरी तुमच्यापैकी काहींनी शाळेत असताना वाचली असेल, ॲना स्युएलची 'ब्लॅक ब्यूटी', १८७७ सालची. त्यात एक दारू प्यायलेला नोकर, नाल सैल झालेली असताना घोडा दौडवतो. दगडांच्या रस्त्यावर नाल निखळते, खूर फाटतो, घोडा कोसळतो आणि स्वार जिवानिशी जातो. बघा, झेनोफोनचा अनवाणी घोडा दगडांवर मजेत उभा, आणि हा नाल गेलेला घोडा दगडांवर रक्तबंबाळ. दगड तेच, प्राणी तोच. फरक एकच. एक पाय तयार होता, दुसरा नव्हता.

जंगलातून आलेला धडा, आणि त्यावरचा दुसरा धडा

विसाव्या शतकात मोटारी आल्या. घोड्याची रोजची मजुरी बऱ्याच देशांत संपली. तो छंदाचा, खेळाचा प्राणी झाला, आणि पहिल्यांदाच घोडेमालकांकडे थांबायला वेळ आला. इतिहासात ही मोठी गोष्ट आहे हं. अनवाणी घोड्याची चळवळ याच काळात का उभी राहिली, याचं निम्मं उत्तर या मोकळ्या वेळात आहे.

अमेरिकेतला एक नालबंद, जेमी जॅक्सन, १९८२ ते १९८६ या काळात ग्रेट बेसिन नावाच्या कोरड्या प्रदेशात जंगली घोड्यांचे पाय अभ्यासत फिरला. त्याला दिसले आखूड, गोल कडेचे, टणक खूर. १९९२ साली त्याचं 'द नॅचरल हॉर्स' हे पुस्तक आलं. दगडाळ जमीन, रोजची लांब चाल, रूक्ष गवत, यातून हा खूर घडतो असं त्याने मांडलं. खूर तासायची एक नवी पद्धतच यातून निघाली.

पण इतिहास एका पुस्तकावर थांबत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रायन हॅम्पसन आणि क्रिस पोलिट या संशोधकांनी तिथल्या मोकाट घोड्यांचे, म्हणजे ब्रम्बींचे पाय तपासले. जमीन बदलली की खूर बदलतो हे त्यांनाही दिसलं. मऊ जमिनीवर लांब, फाकलेले खूर आणि टणक जमिनीवर आखूड, गोल. पण त्याचबरोबर बऱ्याच ब्रम्बींच्या पायात दोष सापडले, पापुद्रे सुटल्याच्या आजाराच्या खुणासुद्धा. म्हणजे 'जंगली म्हणजे निरोगी' हे समीकरणही सरसकट खरं नाही. निसर्ग लंगड्या घोड्याला औषध देत नाही, तो त्याला मागे सोडून पुढे जातो. आपल्याला तसं करायचं नाहीये.

मग त्या मुलीने काय करायचं?

आता तिच्या प्रश्नाकडे येते. तिला मी जे कळवलं तेच इथे सविस्तर सांगते.

पहिलं, 'सोसू दे' हा सल्ला मनातून काढून टाक. दुखऱ्या पायाचा घोडा कमी चालतो, आणि चाललाच तर टाच वाचवून पुढच्या टोकावर पाय टाकतो. मग टाचेतली गादी वापरातच येत नाही, आणि जी घडायला हवी तीच घडत नाही. दुखण्यातून पाय तयार होत नाही. न दुखता केलेल्या चालण्यातून होतो.

दुसरं, पाय दुखतोय का ते आधी डॉक्टरला शोधू दे. इतकी वर्षं नालेने वजन भिंतीवर तोलून धरलं होतं, तळवा आणि बेडूक जमिनीपासून उचललेले होते. त्यामुळे तळवा पातळ असू शकतो. एक्स-रे काढला की जाडी कळते. दीड सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बरं, त्याच्या बरीच खाली असेल तर घोडा खडीवर का येत नाही हे वेगळं सांगायला नको. पण कारण दुसरंही असू शकतं. पायात पू झालेला असेल. किंवा लॅमिनायटिस, म्हणजे ते ६०० पापुद्रे सुजून सुटायला लागणं. खूर गरम लागतोय, पायाच्या मागच्या बाजूला नाडी जोरात उडतेय, घोडा वजन मागे टाकून उभा आहे आणि हलायलाच तयार नाही, असं दिसलं तर ती इमर्जन्सी समजायची. तेव्हा चालवायचं नाही, लगेच डॉक्टर.

तिसरं, तोंडाकडे बघ. पायाचं दुखणं पुष्कळदा ताटातून येतं. साखर आणि पिष्ट जास्त झालं की पापुद्र्यांना त्रास होतो. काम बंद झालेल्या घोड्याला कामाच्या दिवसांइतकीच चंदी चालू ठेवायची, वरून लाडाने गूळ भरवायचा, हे प्रेम त्याच्या पायांना महागात पडतं. सुकं गवत मुख्य, बाकी सगळं डॉक्टरला विचारून.

चौथं, बूट. हो, घोड्यांचे बूट मिळतात, आत मऊ गादी घालता येते. कठीण जमिनीवर नेताना घालायचे, तबेल्यात आल्यावर काढायचे. रोमन सँडल आठवला ना? तोच, फक्त लोखंडाऐवजी रबराचा. बूट घातल्यावर घोडा मोकळा चालायला लागला, टाच आधी टेकवायला लागला, तर समजायचं की आता व्यायाम खऱ्या अर्थाने सुरू झाला.

पाचवं, जमिनीची शिडी. आधी मऊ माती किंवा वाळू. मग सपाट कडक जमीन. मग बारीक गोल गोटे. टोकदार खडी सगळ्यात शेवटी. रोज थोडं, पण रोज. आजच्या पायरीवर घोडा आखडला तर उद्या एक पायरी खाली यायचं, त्यात काही कमीपणा नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्याचं भान हवंच. चिखलात उभा राहून खूर मऊ पडतो, मग तेच खडे जास्त बोचतात. झेनोफोनने ओल्या तबेल्याबद्दल सांगितलं होतं ते कोकणात आणि घाटावर चार महिने रोज आठवावं. उभं राहायला एक कोरडी जागा हवीच.

सहावं, तासणं. चार ते सहा आठवड्यांनी, थोडं थोडं. कानशीने कड गोल करायची म्हणजे भिंत चिरत नाही. जुन्या खिळ्यांची भोकं वाढीबरोबर खाली सरकत जातील आणि कापली जातील. पण तळवा सुरीने खरवडून 'स्वच्छ' करायचा नाही. तो आधीच पातळ आहे, त्यालाच तर जाड व्हायचंय. काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यायचं, व्हिडिओ बघून नाही.

आणि सातवं, धीर. काही महिन्यांनी खुराकडे बाजूने बघ. वरच्या रेघेपासून नवा खूर थोड्या वेगळ्या, उभट कोनात खाली येताना दिसेल, जुना भाग त्याच्या खाली फाकलेला. ती मधली सीमा महिन्याला सेंटिमीटरच्या आतबाहेर खाली सरकेल. ती जमिनीला टेकली की तुझ्या घोड्याला नवा पाय आला. नऊ महिने, कदाचित वर्ष.

आणि इतकं करूनही काही घोड्यांना जमत नाही. हाडाचा आजार, फारच पातळ तळवा, कामाचं स्वरूप, काहीही असेल. तेव्हा नाल परत मारणं ही हार नाही. घोड्याला वेदनेतून सोडवणं हे आपलं काम आहे, आपलं तत्त्व सिद्ध करणं हे घोड्याचं काम नाही.

वर्ष कुणाला परवडतं?

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर या भागात मला सगळ्यात जास्त हाच बोलायचा होता.

माथेरानला गेला असाल. मोटारींना बंदी, लाल माती, आणि घोडे. गेल्या काही वर्षांत तिथल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली. पावसात माती वाहून जाते म्हणून ते हवेत असं एका बाजूचं म्हणणं, त्यावर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आपण पर्यटक त्या बातमीकडे 'रस्त्याचा वाद' म्हणून बघतो. पण आजचा भाग ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल की रस्त्याचा प्रश्न म्हणजे खुराचा प्रश्न. रोमन रस्त्यांनी जे केलं, लंडनच्या रस्त्यांनी जे केलं, तेच इथे चालू आहे. आधी जमीन बदलते, मग पाय, मग पायातलं लोखंड.

स्वीडनच्या त्या घोड्यांमागे डॉक्टर, एक्स-रे, तयार केलेली मैदानं असतात. आपल्या डोंगरावरच्या घोडेवाल्याकडे काय असतं? घोडा उभा राहिला की घरातली चूल थंड. त्याला जाऊन 'नाल क्रूर आहे, काढून टाका' असं सांगणं फार सोपं आहे, आपल्याला त्याचा एक रुपयाही खर्च नाही. नालबंदीची आगाऊ रक्कम देणाऱ्या जुन्या कारभाराला एक गोष्ट कळत होती. पायाचा खर्च एकट्या स्वाराच्या डोक्यावर टाकला तर मोहीम उभीच राहत नाही. आज तो खर्च कोण उचलणार? नगरपालिकेने रस्ता करताना कडेने मातीची एक पट्टी राखायची, सरकारी पशुवैद्याने महिन्याला फेरी मारायची, नालबंदांना नीट प्रशिक्षण द्यायचं, एवढं झालं तरी नाल असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही घोड्यांचं भलं होईल.

आणि आपण काय करू शकतो? पुढच्या वेळी घोड्यावर बसण्याआधी फोन खिशात ठेवा आणि अर्धा मिनिट त्याचं चालणं बघा. चारही पाय सारखे टाकतोय का? एखाद्या पायाला मान खालीवर होतेय का? तसं दिसलं तर 'काका, हा दुखावलाय वाटतं, याला राहू द्या' म्हणा, आणि जमलं तर त्याच मालकाचा दुसरा घोडा घ्या, म्हणजे दुखऱ्या पायाला विश्रांती मिळेल आणि मालकाची मजुरीही बुडणार नाही.

काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकली की नशीब उघडतं म्हणतात. कुणाचं उघडतं ते ठाऊक नाही. पण जिच्या जोरावर कुणाचं तरी घर चालतं ती नाल आत्ता एका जिवंत पायाखाली आहे, आणि त्या पायाकडे वाकून बघायला फार तर अर्धा मिनिट लागतो.

चला मंडळी, आज इथेच थांबते. तुमच्या गावात अजून नालबंद असतील, आजोबांच्या आठवणीत पागा किंवा टांगा असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा, निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकवेन. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटूया!